गोळीवाले की इंजेक्शनवाले?

ईलिंग हॉस्पिटल नावाने ईलिंगचं, पत्त्याने साउथॉलचं. २०७ नंबरची बस हॅनवेल सोडून अक्सब्रिज रोडने पश्चिमेकडे निघाली की ब्रुनेलचा विटांचा व्हार्नक्लिफ पूल लागतो, मग हॅनवेलच्या जुन्या असायलमचं आवार आणि त्याला लागूनच हॉस्पिटल. असायलम १८३१ चं, हॉस्पिटल १९७९ चं. हॉस्पिटल उघडलं तोवर साउथॉल पार बदललं होतं. पन्नाशीच्या दशकात वुल्फच्या रबर कारखान्यात कामाला आलेले पंजाबी एव्हाना घरदार करून राहिले होते, पूर्व आफ्रिकेतून हुसकावलेली गुजराती कुटुंबं येऊन स्थिरावत होती. मराठी माणूस या भागात तेव्हा विरळा. जो होता तो बहुधा डॉक्टर. आज हॅनवेलपासून हाउन्स्लोपर्यंत कुठल्याही गणपतीच्या आरतीला पाचपन्नास मराठी घरं सहज जमतात. त्यातल्या प्रत्येक घरात ‘शुगर’ आहे, नाहीतर शुगर असलेलं कुणीतरी पुण्या-नाशकात आहे.

या हॉस्पिटलातले डॉ. ह्यू मॅथर आणि लंडनच्या गाइज हॉस्पिटलचे हॅरी कीन यांनी साउथॉलमध्ये घरोघर फिरून मधुमेहाचे पेशंट मोजले. कीन या कामात मुरलेले. १९६२ मध्ये बेडफर्ड गावभर लघवीच्या नमुन्यांची मोहीम त्यांनीच राबवली होती. साउथॉलचा निष्कर्ष १९८५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला: वयाचा फरक जमेस धरला तरी निदान झालेला मधुमेह आशियाई लोकांत युरोपियनांच्या किमान ३.८ पट. (हेच मॅथर निवृत्तीनंतर पेरिव्हेलच्या सेंट मेरीज या छोट्याशा जुन्या चर्चमध्ये पियानोच्या मैफली भरवतात. ईलिंगमधल्या पुष्कळांना ते तेवढ्यावरूनच ठाऊक आहेत.) पुढे मॅकिग, शाह आणि मार्मट यांनी १९९१ मध्ये लंडनच्या चाळीस ते एकोणसत्तर वयाच्या लोकांचे आकडे दिले. दक्षिण आशियाई लोकांत मधुमेह १९ टक्के, युरोपियनांत ४. त्या माणसांचा माग पुढेही घेतला गेला. ‘सेबर’ हे त्या अभ्यासाचं नाव ‘साउथॉल अँड ब्रेंट रीव्हिजिटेड’ यातल्या आद्याक्षरांचं. यातलं ब्रेंट म्हणजे, १९३२ पासूनचं लंडनचं महाराष्ट्र मंडळ आज जिथे आहे ते डॉलिस हिल ज्या बरोमध्ये येतं, ते ब्रेंट.

हे काम मोलाचं होतं. भारतीयांचा मधुमेह ही खाजगी बाब न राहता सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न झाला तो या आकड्यांमुळे. पण आकडा जितका ठसठशीत, तितका तो डॉक्टरच्या नजरेला थांबवतो. माझ्या मते इथे तेच झालं. भारतीय माणूस, आईला शुगर, थोडं पोट, म्हणजे टाइप टू. शंभरातल्या नव्वदांहून अधिकांच्या बाबतीत हे बरोबर ठरतं, म्हणून उरलेल्यांच्या बाबतीत ते चुकतंय हे लवकर ध्यानातच येत नाही.

समजा, पस्तिशीतला एक इंजिनिअर आहे. पुण्याहून कंपनीने पाठवलेला, साउथ ईलिंगला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा. उंची १७० सेंटिमीटर, वजन ६८ किलो. दोन महिन्यांपूर्वी ते ७४ होतं. कोजागिरीला सगळे म्हणाले, छान बारीक झालास. रात्री चार वेळा उठावं लागतं हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. जीपीने रक्त तपासलं, एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, ९६ आला. पुण्यातल्या डॉक्टर काकांना फोन केला तर ते दचकले, कारण भारतात हाच आकडा टक्क्यांत सांगतात. ९६ म्हणजे साधारण १०.९ टक्के, हे कळेपर्यंत अर्धा तास गेला. नोंदीत ‘टाइप टू’ लिहून मेटफॉर्मिन सुरू झालं. सहा आठवड्यांनी साखर तिथेच. डायबेटिसची नर्स म्हणाली, हे टाइप वनही असू शकेल. कन्सल्टंटचं पत्र आलं, त्यात दोन्ही शक्यता आणि पुढे प्रश्नचिन्ह. आईचा रोजचा प्रश्न एकच: गोळ्याच आहेत ना? इंजेक्शन नाही ना लावलं?

आपल्या घरांत मधुमेहाचे प्रकार दोनच, गोळीवाले आणि इंजेक्शनवाले. गोळीवर असणं म्हणजे अजून हाताबाहेर गेलेलं नाही. इंजेक्शन म्हणजे झालं, संपलं. शिकलेले लोक याला हसतात. हसण्यासारखं त्यात फारसं नाही. १९७९ मध्ये अमेरिकेच्या तज्ज्ञ गटाने आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जी अधिकृत विभागणी केली ती याच धर्तीची होती: इन्सुलिनवर अवलंबून असलेला मधुमेह आणि अवलंबून नसलेला. जवळजवळ वीस वर्षं जगभरच्या केसपेपरवर हीच नावं होती. १९९७ ते १९९९ च्या दरम्यान ती टाकून देऊन टाइप वन, टाइप टू हे आकडे कायम झाले, कारण उपचारावरून रोगाचं नाव ठेवलं की उपचार बदलला तर रोगही बदलतो असा घोळ व्हायचा.

घोळाला इतिहास आहे, आणि तो आपल्याकडूनच सुरू होतो. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेह दोन तऱ्हेचा सांगितला आहे. एक सहज, म्हणजे आईबापांच्या बीजदोषातून आलेला. दुसरा अपथ्यातून ओढवलेला. पहिल्याचा रोगी कृश, तहानलेला, थोडं खाणारा. दुसऱ्याचा स्थूल, भरपूर खाणारा, अंथरुण-आसनाची आवड असलेला. टाइप वन आणि टूचा शोध आमच्याकडे दोन हजार वर्षांपूर्वीच लागला होता, असं व्हॉट्सॲपवर फिरतं ते यावरूनच. निरीक्षण तीक्ष्ण आहे यात वाद नाही, पण त्यात आणखी एक गोष्ट दडली आहे. प्रकार पाडताना दोषही वाटून टाकला आहे. कृश रोग्याकडे तो जन्माने आला, स्थूल रोग्याने तो कमावला. नंतर ज्यांनी ज्यांनी मधुमेहाचे दोन ढीग केले त्यांच्याकडे ही वाटणी कुठल्या ना कुठल्या रूपात आलीच. १८८० च्या सुमारास पॅरिसच्या एतिएन लान्सरो याने केलेले भागही बारीक रोगी आणि जाडे रोगी असेच होते.

१९२२ च्या जानेवारीत टोरोंटोत इन्सुलिन पहिल्यांदा माणसाला टोचलं गेलं, त्यानंतर काही काळ वाटलं की प्रकारांची भानगडच मिटली. मधुमेह म्हणजे इन्सुलिनचा तुटवडा, आणि तुटवडा भरून काढायचं औषध हातात आहे. या समजाला धक्का दिला तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधल्या हॅरोल्ड हिम्सवर्थने. त्याची चाचणी साधी होती. पेशंटला ग्लुकोज प्यायला द्यायचं, त्याच वेळी शिरेतून इन्सुलिन द्यायचं आणि साखर किती चढते ते बघायचं. काहींची साखर इन्सुलिनने दाबली गेली, काहींची खुशाल चढत राहिली. १९३६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याने लिहिलं की इन्सुलिनला दाद देणारा मधुमेह वेगळा, दाद न देणारा वेगळा. वय तेव्हा तिशीचं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

लंडनमध्येच किंग्ज कॉलेज हॉस्पिटलला आर. डी. लॉरेन्स होता. तो स्वतः मधुमेही, १९२३ मध्ये इन्सुलिन मिळालं म्हणून वाचलेला, आणि लेखक एच. जी. वेल्स यांच्यासह १९३४ मध्ये डायबेटिक असोसिएशन काढणारा. १९५१ मध्ये त्याने आणि बोर्नस्टाइनने पेशंटच्या रक्तातलं इन्सुलिन मोजलं. मोजायला यंत्र नव्हतं. पिट्युइटरी आणि ॲड्रिनल ग्रंथी काढलेले, मधुमेही केलेले उंदीर होते. पेशंटचा प्लाझ्मा टोचल्यावर उंदराची साखर उतरली तर त्यात इन्सुलिन आहे असं धरायचं. तरुण, बारीक, कीटोन (चरबी जळताना बनणारी आम्लं) सुटणाऱ्या पेशंटांच्या प्लाझ्मात ते नव्हतं. मध्यमवयीन जाड्या पेशंटांच्या होतं. हिम्सवर्थचं म्हणणं पंधरा वर्षांनी का होईना प्रयोगशाळेत उतरलं. १९७४ मध्ये मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये बोटाझो आणि डोनियाक यांना स्वादुपिंडाच्या बेटांविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या. शरीराची फौज स्वतःच्याच इन्सुलिन-पेशींवर उलटते, हे तोवर नुसतं तर्काने मांडलं जात होतं. त्याच वर्षी किंग्जच्या रॉबर्ट टॅटर्सलने काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या उतरणारा, तरुणपणी सुरू होऊनही सौम्य राहणारा मधुमेह दाखवला. ‘मोडी’ म्हणतात तो हा.

म्हणजे टाइप वन आणि टूची इमारत बरीचशी लंडनमध्ये उभी राहिली, साउथॉलपासून तासाभराच्या अंतरावर. पण ज्या शरीरांवरून तिचे आराखडे काढले ती शरीरं बहुतेक गोरी होती. ईलिंगच्या पेशंटला कळत नाही की आपला मधुमेह कुठला, याचं एक कारण हे आहे. पेशंटच्या अडाणीपणाशी किंवा जीपीच्या घाईशी या गोंधळाचा संबंध आहेच, पण तो दुय्यम.

गोऱ्यांच्या बाबतीतही आराखडा पुरला नाही, हे थेरेसा मे यांच्या उदाहरणाने सगळ्या ब्रिटनने पाहिलं. ईलिंग ब्रॉडवेवरून साउथॉल ओलांडून जी गाडी मेडनहेडला जाते, त्या मेडनहेडच्या त्या २०२४ पर्यंत खासदार होत्या. २०१२ मध्ये गृहमंत्री असताना, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्यांना टाइप टू सांगितला गेला. गोळ्या दिल्या, गुण आला नाही. पुन्हा तपासण्या झाल्या, टाइप वन निघाला आणि रोजची इन्सुलिनची इंजेक्शनं सुरू झाली. देशाच्या गृहमंत्र्यांचं निदान पहिल्या फेरीत चुकतं, तर २०७ च्या बसने येणाऱ्याने वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. एक्सेटरच्या संशोधकांनी २०१८ मध्ये यूके बायोबँकमधल्या गोऱ्या लोकांच्या जनुकीय माहितीवरून दाखवलं की साठीपर्यंत होणाऱ्या टाइप वनपैकी ४२ टक्के तिशीनंतर होतो. पुढच्या वर्षी त्याच गटाने आणखी एक गोष्ट सांगितली. तिशीनंतर टाइप वन झालेल्यांपैकी ३८ टक्के लोकांना सुरुवातीला इन्सुलिन दिलंच गेलं नव्हतं, आणि त्यातले जवळपास निम्मे वर्षानुवर्षं स्वतःला टाइप टूच म्हणत होते.

उलट्या बाजूनेही कुंपण मोडलं. २००० मध्ये बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी नऊ ते सोळा वयाच्या आठ मुलींची माहिती छापली. सगळ्या भारतीय, पाकिस्तानी किंवा अरब मूळच्या, सगळ्यांना टाइप टू. ब्रिटनमधल्या मुलांतला टाइप टू नोंदला गेला तो इथून. लहान म्हणजे वन आणि मोठा म्हणजे टू, ही खूण गेली. मग शरीराची ठेवण तरी?

इथे आपल्या इंजिनिअरचं वजन कामाला येतं. ६८ किलो आणि १७० सेंटिमीटर, बीएमआय साडेतेवीस. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेची प्रौढांतला टाइप वन ओळखण्याची यादी आहे. कीटोन, झपाट्याने वजन घटणं, पन्नाशीच्या आतलं वय, बीएमआय पंचवीसच्या खाली, स्वतःला किंवा घरात ऑटोइम्यून आजार. या यादीने आपला माणूस बारीक, म्हणजे संशय टाइप वनचा. त्याच नाइसने २०१३ मध्ये दक्षिण आशियाई लोकांसाठी बीएमआयची धोक्याची पातळी पंचवीसवरून तेवीसवर आणली. त्या कागदाने तो वजनदार, म्हणजे ओढा टाइप टूकडे. एकच माणूस, एकच संस्था, दोन कागद. कुठला आधी उघडायचा हे तपासणाऱ्याच्या सवयीवर.

तेवीसचा हा आकडा कुठून आला हे समजून घ्यायला पुण्याला यावं लागतं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापला गेला. दोघं शेजारी शेजारी, दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन पळायचे, याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टची दारं मिटायच्या आत धावणं, हेही त्या मजकुरात थट्टेने येतं. मुद्दा मात्र थट्टेचा नव्हता. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झालेल्या अभ्यासात तीच गोष्ट नवजात बाळांत दिसली होती. तिथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनचं ३.५ किलोचं. पुण्याच्या बाळाच्या अंगावर स्नायू कमी, पोटाच्या अवयवांची वाढ कमी, पण चरबी त्या मानाने राखलेली. आईच्या पोटात असतानाच्या ओढगस्तीची ही निशाणी, असं याज्ञिक मांडत आले. गर्भातल्या पोषणाचा आणि पुढच्या मधुमेहाचा संबंध इंग्लंडच्या हेल्स आणि बार्कर यांनी १९९२ मध्ये सांगितला होता. पुण्याने त्याला आपल्याकडचं शरीर दिलं.

याज्ञिकांचं काम वाचताना सुश्रुताची वाटणी आठवल्यावाचून राहत नाही. अपथ्य कुणाचं? पस्तिशीत आयटीच्या खुर्चीत बसणाऱ्याचं, की दुष्काळात दिवसभर रोजगार हमीवर खडी फोडून रात्री शिळी भाकरी खाणाऱ्या त्याच्या आजीचं? टाइप टूच्या नावामागे उभा असलेला आरोप, की तोंडावर ताबा नाही, व्यायामाचा आळस, गोडाची हौस, हा पुण्याच्या बाळांपुढे फार केविलवाणा दिसतो.

प्रकार ठरत नाही त्या दिवसांतली घालमेल निम्मीअधिक या आरोपाची असते. टाइप वन असेल तर लोक हळहळतात, टू असेल तर उपदेश करतात. म्हणून पुष्कळांना आतून वाटतं, देवा, वनच निघू दे. आयुष्यभराची इंजेक्शनं परवडली, पण ‘तूच करून घेतलंस’ हे नको. ही इच्छा वेडगळ वाटली तरी तिच्यात एक हिशोब आहे, तो समजून घेतला पाहिजे. दुसरीकडे घरचे टाइप टूला घट्ट धरून बसतात, कारण टू म्हणजे कारलं, मेथीचे दाणे, सकाळचं चालणं आणि कदाचित बरं होणं. दोघंही निदानाकडे निकालपत्र म्हणून बघतात. आणि वैद्यकशास्त्राने दोन हजार वर्षं त्यांना तसंच बघायला शिकवलं आहे.

आता प्रयोगशाळा काय सांगते. आधी गॅड अँटिबॉडी, ती नसेल तर आयए-टू आणि झिंक ट्रान्स्पोर्टर-एटच्या अँटिबॉडी. त्या ठळकपणे सापडल्या तर टाइप वन बहुतेक नक्की. नाही सापडल्या तर काहीच नक्की नाही, कारण प्रौढ वयात टाइप वन झालेल्या गोऱ्यांपैकी ५ ते १० टक्के लोकांतही त्या नसतात. दुसरी चाचणी सी-पेप्टाइडची. इन्सुलिन बनताना सुटणारा हा तुकडा स्वादुपिंड अजून किती कमावतंय ते सांगतो. पण टाइप वनच्या सुरुवातीला उरल्यासुरल्या पेशी काही काळ बरं काम करतात, त्यामुळे ही चाचणी तीन वर्षं उलटल्यावर जास्त बोलकी. तेव्हा २०० पिकोमोलच्या खाली आलं तर वन, ६०० च्या वर तर बहुधा टू, मधलं असेल तर आणखी थांबा. अमेरिका आणि युरोपच्या मधुमेह संघटनांनी २०२१ मध्ये हा सगळा मार्ग एका आकृतीत मांडला. आकृतीच्या शीर्षकातच लिहिलं आहे की ती गोऱ्या युरोपियन लोकांच्या माहितीवर बेतलेली आहे. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. साउथॉलच्या क्लिनिकमध्ये ती आकृती भिंतीवर लावताना शीर्षक कापू नये, एवढंच.

आपल्या लोकांच्या माहितीचं काम सुरू आहे आणि त्यात पुणे पुढे आहे. टाइप वनच्या जनुकीय धोक्याचा गुणांक एक्सेटरला युरोपियन लोकांवर बसवला होता; पुण्याच्या पेशंटांतही तो वन आणि टू वेगळे करू शकतो, हे केईएम, हैदराबादची सीसीएमबी आणि एक्सेटर यांनी मिळून २०२० मध्ये दाखवलं. २०२२ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठासोबत केलेल्या अभ्यासात, पुण्यात तरुणपणी टाइप टू झालेल्यांचे गट पाडले. स्वीडनमध्ये उतारवयातला सौम्य मधुमेह हा सर्वात मोठा गट. पुण्यात सर्वात मोठा गट निघाला तो इन्सुलिनच कमी पडणाऱ्यांचा, तेही अँटिबॉडीशिवाय. म्हणजे आपल्याकडचा टाइप टू हा पुष्कळदा वागायला टाइप वनसारखा. मोडीची गोष्ट वेगळीच. ब्रिटनमध्ये तपासणीसाठी पाठवलेल्या दक्षिण आशियाई लोकांत ती जनुकं सापडण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा कमी, असं लंडनच्या शिवानी मिश्रा आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये नोंदवलं. ज्यांच्यात मुळात मधुमेहच घरोघरी, तिथे ‘तीन पिढ्यांत आहे’ या खुणेला काय किंमत राहणार?

आणि पाचवा प्रकार. १९५५ मध्ये ह्यू-जोन्सने जमैकात बारीक, कुपोषित, तरीही कीटोन न सुटणारे मधुमेही पाहून त्याला ‘जे’ म्हटलं. १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कुपोषणाशी निगडित मधुमेह असा गट यादीत घातला, १९९९ मध्ये पुरावा अपुरा म्हणून काढला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आणि न्यूयॉर्कच्या मेरेडिथ हॉकिन्स यांनी २०२२ मध्ये पुन्हा पुरावा मांडला आणि एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला ‘टाइप फाइव्ह’ म्हणून मान्यता दिली. वाद अजून चालू आहे. एखादा रोग यादीत येतो, जातो, परत येतो, आणि मधल्या चाळीस वर्षांत तो झालेली माणसं मात्र कुठल्या ना कुठल्या रकान्यात कोंबलेली असतात.

रकान्यात कोंबायची घाई का? कारण ब्रिटनमध्ये हा रकाना रेशनकार्डासारखा आहे. पिवळं, केशरी की पांढरं यावर धान्य ठरावं तसं वन की टू यावर पुष्कळ काही ठरतं. सतत साखर दाखवणारा दंडावरचा सेन्सर २०२२ पासून टाइप वनच्या सर्व प्रौढांना देण्याची शिफारस आहे. टाइप टूला इन्सुलिन चालू असेल तरी अटी आहेत. आपोआप इन्सुलिन सोडणाऱ्या पंपाला डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, तीही टाइप वनसाठी. शिकवणीचे वर्गसुद्धा वेगळे. वनसाठी ‘डॅफ्नी’, टूसाठी ‘डेस्मंड’. अनिश्चित माणसाला कार्डच नाही. चुकीचं कार्ड तर धोक्याचं. टाइप टू समजून डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन दिलं आणि आत टाइप वन असेल, तर रक्त आम्ल होत जातं आणि ग्लुकोमीटरवर साखर मात्र फारशी वाढलेली दिसत नाही. पोटात दुखतंय, उलट्या होतायत, धाप लागतेय, आणि घरचे म्हणतात शुगर तर ठीक आहे, पित्त झालं असेल. अशा वेळी कीटोन तपासायचे आणि हॉस्पिटल गाठायचं, वाट बघायची नाही.

तेव्हा अनिश्चितता ही रकान्यात लिहिण्याजोगी गोष्ट माना, असं माझं म्हणणं आहे. ते काही क्रांतिकारक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या वर्गीकरणात ‘अवर्गीकृत मधुमेह’ असा गट आहे आणि निदान झाल्या झाल्या प्रकार कळत नसेल तेव्हा तो तात्पुरता वापरावा, असं त्यांनीच म्हटलं आहे. तो रकाना क्वचितच भरला जातो, कारण संगणकाला आणि माणसाला दोघांनाही कोरी जागा सोसत नाही. ज्या बरोने जगाला भारतीयांच्या मधुमेहाचा आकडा दिला त्या बरोने तरी तो वापरावा. वजन घटत असलेल्या, पन्नाशीच्या आतल्या दक्षिण आशियाई पेशंटच्या नोंदीत पहिल्या दिवशी टाइप टू लिहू नये. अँटिबॉडी पाठवाव्यात, हातात कीटोनच्या पट्ट्या द्याव्यात, संशय असेल तर इन्सुलिन आधी आणि नाव मागून, आणि तीन वर्षांनी सी-पेप्टाइडची तारीख आजच डायरीत टाकावी. उपचार रोगाच्या नावासाठी खोळंबत नाहीत. साखर उतरवायला, कीटोन टाळायला, डोळे-मूत्रपिंड-पाय तपासायला कुठलाच आकडा लागत नाही.

पेशंटकडूनही एक अपेक्षा आहे. आपल्याकडे डॉक्टरला उलटं विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं, अशी शिकवण. इंग्लंडात दहा मिनिटांच्या अपॉइंटमेंटमध्ये तर तोंडच उघडत नाही. तरी पुढच्या वेळी कागद घेऊन जावं आणि विचारावं: माझ्या नोंदीत प्रकार कुठला लिहिला आहे, तो कोणी, कुठल्या तारखेला आणि कशावरून लिहिला, अँटिबॉडी तपासल्या का, तपासल्या तर कुठल्या, आणि हा प्रकार पुन्हा कधी तपासला जाणार आहे. उत्तर ‘तुम्ही एशियन आहात ना’ एवढंच आलं, तर ते साउथॉलच्या आकडेवारीचं उत्तर झालं. आपल्या रक्ताचं अजून बाकी आहे.